ताई पोहते, मी वल्हवतो

४ मे

ताईने आज दुकानात येऊन जाहीर केलं की ती तळं पार करणार आहे. मी एका आरामखुर्चीच्या पाठीवर कापड ताणत होतो. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच काही बोलता आलं नाही. ताईला हे माहीत असतं. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती माझ्या तोंडात टाचण्या असतानाच येते.

"तू होडीतून बरोबर यायचंस," ती म्हणाली. "नियमच आहे. एकट्याला सोडत नाहीत. आणि सोडलं तरी मी जाणार नाही, मी काही वेडी नाही."

मी टाचण्या काढल्या. "मला होडी चालवता येत नाही."

"शिकशील. तळ्याला ना चढ ना उतार."

"तू बासष्ट वर्षांची आहेस."

"आणि तू सत्तावन्नचा. वल्हवायला चालेल."

बायको मागच्या टेबलावर कापड बेतत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "हो म्हणून टाका. नाहीतर ताई जेवायला थांबतील आणि तुम्ही जेवण झाल्यावर हो म्हणाल."

मी हो म्हटलं. ताई जेवायला थांबलीच.

११ मे

तळ्यावर पोहणाऱ्यांची एक मंडळी आहे. आमच्या या थंड मुलखात उन्हाळा मेपासून ऑगस्टपर्यंत, तेवढेच महिने ती पोहते. लाकडी धक्क्याजवळ त्यांची कपडे बदलायची खोली आहे. आत भिंतीवर एक फळी. जो तळं आडवं पार करतो त्याचं नाव तिच्यावर रंगवतात. ताईला तिथे नाव हवं असणार. तिला विचारलं तर म्हणते, पलीकडे काय आहे ते बघायचंय.

ताईने नियम समजावून सांगितले. होडी तिच्या डाव्या बाजूला ठेवायची, कारण श्वास घ्यायला ती मान डावीकडे वळवते. तिच्या डोक्यावर भडक पिवळी टोपी, म्हणजे मोटरबोटवाल्यांना दिसेल. कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा. दमली तर तो धरून थांबायचं. पण तिने होडीला हात लावायचा नाही आणि मी तिला हात लावायचा नाही. हात लागला की पोहणं संपलं.

"म्हणजे तुझं सगळं माझ्या हातात," मी म्हटलं.

"तुझ्या हातात वल्ही," ती म्हणाली.

ताई आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभी राहायची. तिच्याकडून सूचना घेताना माणूस आपोआप आडवा पडायला तयार होतो.

१९ मे

वल्हवायला शिकतोय. होडी गोल फिरते. ताई धक्क्यावर उभी राहून ओरडते. धक्क्यावरचे बाकीचे लोक कौतुकाने बघतात. हाताला फोड आले. इतकी वर्षं सुतळी ओढून घट्ट झालेल्या हातांना फोड कसे येतात, कळत नाही. बायको म्हणाली, फोड वेगळ्या जागी असतील. खरंच वेगळ्या जागी होते.

लाइफ जॅकेट घालायचं मी विसरलो तर ताईने होडी सोडू दिली नाही. "पोहता न येणारा माणूस जॅकेटशिवाय होडीत बसला तर त्याला मी आधी बुडवीन," म्हणाली. सगळ्यांच्या देखत.

२६ मे

आज तिला पहिल्यांदा पाण्यात उतरताना जवळून पाहिलं. मला वाटलं होतं उडी मारेल. ती सावकाश, टप्प्याटप्प्याने उतरते. आधी घोटे. मग मनगटं बुडवून उभी. मग मानेवर आणि तोंडावर पाणी. मग छातीपर्यंत जाऊन नुसती थांबते, जोरजोरात उच्छ्वास सोडत. श्वास ताळ्यावर आला की पाठीवर तरंगते. मग पोहायला लागते.

"उडी मारली की गार पाण्याने माणूस एकदम आत श्वास ओढतो," ती म्हणाली. "तोंड पाण्याखाली असलं तर बुडायला तेवढं पुरतं."

तेवढ्यात धक्क्याच्या टोकाला चार-पाच तरुण पोरं आली. एकाच्या हातात बाटली. एक जण धावत सुटला. ताई पाण्यातून अशी ओरडली की तो कडेला जागच्या जागी थिजला.

"खाली काय आहे बघितलंस? बघ आधी! कमरेएवढं पाणी आहे आणि खाली दगड! मानेचा मणका मोडला की पुढचं सगळं आयुष्य छताकडे बघशील! आणि ती बाटली खाली ठेव. पोहायचं तरी नाहीतर प्यायचं तरी."

पोराने बाटली खाली ठेवली. मीसुद्धा नकळत वल्ही खाली ठेवली होती. होडी वाहत गेली.

२ जून

प्रश्नांची पद्धत ठरली. ताईचीच कल्पना.

"गार पाण्यात आधी हात जड होतात," ती म्हणाली. "मग बोटं पसरतात, मिटत नाहीत. मग डोकं जातं. डोकं गेलं की माणसाला वाटतं आपण मजेत आहोत. म्हणून मला 'बरी आहेस ना' असं विचारायचं नाही. बरे आहात ना म्हटलं की सगळे हो म्हणतात. पोट उघडं टाकलेला माणूससुद्धा हो म्हणतो."

"मग काय विचारू?"

"आठवावं लागेल असं. आपल्या लहानपणातलं, आपल्या दोघांनाच माहीत असलेलं. आधी सांगून ठेवायचं नाही. एक चुकलं तर दुसरं विचार. दुसरंही चुकलं तर हात धरायचा आणि वर घ्यायचं. मी काही बोलले तरी. शिव्या दिल्या तरी."

"आणि तुला स्वतःलाच वाटलं, आता पुरे, तर?"

ती पाण्यात सोडायच्या थर्मामीटरची दोरी गुंडाळत होती. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "तर काय?"

"तर सांगशील ना?"

"सांगेन की."

ताईला उभ्या आयुष्यात 'बस, आता नको' म्हणताना मी ऐकलेलं नाही. लहानपणी झोक्यावर बसली की चेहरा फिका पडला तरी अजून जोरात म्हणायची, आणि मग उतरून झाडामागे जाऊन ओकून यायची. परत आली की म्हणायची, आता तुझी पाळी. कामावर असताना एका पाळीला लागून दुसरी करायची. ताप असला तर सांगायची नाही, आपणच कपाळाला हात लावून ओळखायचं. आणि हात लावू द्यायची नाही.

म्हणून प्रश्नच बरे.

९ जून

आज काठाकाठाने लांबवर सराव. मी पहिला प्रश्न विचारला.

"आपल्या शाळेच्या शिपायाला आपण काय म्हणायचो?"

ती थांबली, फुगा छातीशी धरला. "किल्ली."

"चूक. सुरवंट."

"सुरवंट गणिताचे मास्तर! भुवयांमुळे! शिपाई म्हणजे किल्ली, गळ्यात अडकवून फिरायचा म्हणून!"

"ताई, सुरवंट शिपाई होता."

"अरे गाढवा, तू दुसरीत होतास! तुला तेव्हा स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं!"

ती भांडत एवढा वेळ थांबली की तिचे ओठ निळे झाले आणि मलाच सांगावं लागलं, आता पोह. बाजूने एक होडी जात होती. तिच्यातल्या माणसाने विचारलं, काही मदत हवी का. "हवी," ताई म्हणाली. "याच्या डोक्यात थोडा उजेड पाडा."

घरी येऊन जुन्या वर्गमित्राला फोन केला. शिपाई म्हणजे किल्लीच.

ताईचं कधी चुकत नाही. चुकीची गोष्ट तिच्या तोंडून निघतच नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून निघाली तर तिला खाज सुटल्यासारखं होतं. त्यामुळे पद्धत चोख आहे. ज्या दिवशी ताई चुकेल त्या दिवशी काहीतरी फार बिनसलेलं असेल.

१६ जून

वारा काठाकडून आत वाहत होता. ताई म्हणाली, अशा वाऱ्यात फुगे, गाद्या, माणसं, सगळं तळ्याच्या मध्यावर जातं आणि परत येत नाही. पोहणं रद्द. खोलीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो.

भाऊजींना जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. आम्ही दोघांनीही विषय काढला नाही.

शेवटी डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये विचारलं होतं, यंत्रावर अजून ठेवायचं का. ताईलाच विचारलं. ती खिडकीतून खाली बघत राहिली. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, अडचणीच्या जागेतून. ती तेच बघत होती. इतक्या माणसांच्या उशाशी उभी राहिलेली बाई. डॉक्टर थांबले. मग मी म्हटलं, पुरे.

ताई तेव्हा काही बोलली नाही. पुढेही कधी नाही. तिला ते पटलं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झालेला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी ती तळ्यावर जायला लागली.

३० जून

होडीच्या फळीसाठी कुशन शिवलं. जाड स्पंज, वर पाणी न शोषणारं कापड, दुहेरी शिवण. बायको म्हणाली, "तळं ताई पार करणार आणि कुशन तुम्हाला?" मी म्हटलं, बसायचं मला आहे. "दोघं भावंडं मिळून एक शहाणा माणूस झाला असता," ती म्हणाली. पण कापड तिनेच बेतून दिलं. काठाला पिवळी किनारसुद्धा.

८ जुलै

नीट लिहायला हवं.

दोन दिवस जोराचा वारा होता. आज पहाटे पडला. धक्क्यावरून थर्मामीटर सोडलं तर पाणी गेल्या आठवड्यापेक्षा बरंच गार. वाऱ्याने वरचं कोमट पाणी पलीकडे ढकललं की खालचं गार वर येतं, हे ताईनेच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ.

"पुढच्या रविवारी पाऊस असेल. त्याच्या पुढच्या रविवारी तुझी पाठ धरेल. चल."

"पाणी गार आहे, ताई."

"पाणी गारच असतं."

मला तिथेच अडून बसायला हवं होतं. बसलो नाही. ती पाण्यात उतरली, घोटे, मनगटं, मान, सगळं रीतसर. मग निघाली.

पहिला बराच वेळ छान गेला. हात लांब पडत होते. मी एकदा विचारलं, आपल्या मांजरीने पिल्लं कुठे घातली होती. "वडिलांच्या ट्रंकेत," ती म्हणाली, "आणि मांजर आपली नव्हती, शेजाऱ्यांची होती." मला हायसं वाटलं.

मध्याच्या पुढे गेल्यावर तिचे हात आखूड पडायला लागले. पाणी कापायच्या ऐवजी ती पाणी थापटत होती. बोटं पसरलेली दिसली. पलीकडची झाडांची रांग स्पष्ट होती, पण जवळ येत नव्हती. एक पिवळ्या शिडाची होडी गेली आणि तिच्या लाटांनी ताईच्या तोंडात पाणी गेलं. ती थांबली. फुगा धरला. पलीकडच्या काठाकडे बघितलं, मग मागे बघितलं, मग माझ्याकडे.

"विचार," ती म्हणाली.

मी विचारणारच होतो. म्हटलं, "माझा कोणता हात मोडला होता?"

मी नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडलो आणि ताईने मला पाठीवर घेऊन घरापर्यंत आणलं होतं. डावा हात लोंबत होता, उजवा तिच्या गळ्यात. हे ती विसरणं शक्य नाही.

"उजवा," ती म्हणाली.

"नीट आठव, ताई."

"उजवा म्हटलं ना."

दुसरं विचारलं. "आपल्या पहिल्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं?"

ते दार तिनेच वडिलांबरोबर रंगवलं होतं. हिरवा रंग केसांत गेला आणि तिची एक वेणी कापावी लागली. त्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ थरथरत होते, पण नजर सरळ होती.

"निळं," ती म्हणाली. मग हळूच, "निळं होतं, बाळ्या."

मी हात धरला. तिने लगेच दुसराही दिला.

ठरल्याप्रमाणे होडीच्या मागच्या टोकाने वर घेतलं. बाजूने ओढलं तर होडी उलटते. मी रडत होतो. तिने मला आधी वल्ही आत घ्यायला लावली. मग म्हणाली, "तोंड तिकडे कर. ओलं आधी काढते. टॉवेल दे. सुकी टोपी. नाही, पाय चोळायचे नाहीत, गार रक्त एकदम आत जातं. चहा घोट घोट. आता वारा सुटलाय, उजवीकडून आहे, उजवं वल्हं जरा जोरात मार."

डोकं ठिकाणावर नसतानाही इतक्या वर्षांचं शिक्षण कसं काम करतं, हे बघून मी थक्क झालो.

धक्क्याला लागेपर्यंत ती अशी कुडकुडत होती की होडीच्या फळ्या वाजत होत्या. मंडळींनी धावत येऊन ब्लँकेटं टाकली. कोणीतरी विचारलं, काय झालं. ताई म्हणाली, "भावाने थांबवलं."

९ जुलै

डॉक्टर येऊन बघून गेले. सगळं ठीक आहे. दोन दिवस आराम. ते म्हणाले, थंडीने भ्रम झाला की बहुतेकांना मधलं काही आठवत नाही.

ताईला सगळं आठवतं. मी काय विचारलं, कोणत्या क्रमाने विचारलं, पिवळ्या शिडाची होडी कुठून कुठे गेली. तिची स्मरणशक्ती खरोखरच अजब आहे.

मला मात्र चैन नाही. तिसरा प्रश्न विचारायला हवा होता का? काठ दिसत होता.

१५ जुलै

मंडळींपैकी एक जण, निवृत्त बँक मॅनेजर, मला धक्क्यावर म्हणाले, "जरा घाई केलीत हो. अजून थोडं पोहल्या असत्या."

मी काही म्हणायच्या आत ताई खोलीतून बाहेर आली. "घाई केली नाही. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने केलं. तुमच्या होडीत तुमचा मेहुणा असतो ना? तो फोनवर क्रिकेट बघत असतो. तुम्ही बुडालात तर ओव्हर संपल्यावर कळेल."

मॅनेजर आपला टॉवेल शोधायला लागले. नंतर ताई सगळ्यांना सांगत होती, माझा भाऊ फार कडक आहे, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. मला आजवर कोणी कडक म्हटलं नव्हतं. दोष माझ्यावर आला होता, पण चालताना पाठ ताठ होती.

२२ जुलै

ताई जेवायला होती. भिंतीवरून पडल्याची गोष्ट बायकोला रंगवून सांगत होती. "याचा डावा हात असा लोंबत होता, आणि हा माझ्या कानात रडत विचारतोय, ताई, आता शाळेला सुट्टी ना?" बायको हसली. मग हसायची थांबली आणि ताईकडे बघायला लागली. ताईने सूप वाढून घेतलं.

ताई गेल्यावर भांडी पुसताना बायकोने विचारलं, "त्या दिवशी ताईंनी उजवा म्हटलं?"

"हो."

"आणि दार निळं?"

"हो. पार गेलं होतं डोकं."

"आणि प्रश्न विचारायचं कोणी काढलं? तुम्ही?"

"मी विचारणारच होतो. तीच म्हणाली, विचार."

बायकोने ताटली पुसली, फळीवर ठेवली.

"तुम्ही सोफे फार छान शिवता," ती म्हणाली.

हे मध्येच कुठून आलं, कळलं नाही. पण ती सहसा असं म्हणत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

५ ऑगस्ट

ताई पुन्हा पोहायला लागली आहे. आज आम्ही धक्क्यावर पाय सोडून पाव-अंडं खात बसलो होतो. पाणी स्वच्छ होतं, खालचे दगड दिसत होते.

मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी अजून थोडं थांबायला हवं होतं. तुझं नाव लागलं असतं."

ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "तेव्हाही तूच बोललास."

कधी, हे मी विचारलं नाही. मला कळलं. मी खाली बघितलं. म्हणजे ते अजून तिच्या मनात आहे तर. दोन वर्षं झाली तरी.

तिने तिचं उरलेलं अर्धं पाव-अंडं माझ्या हातात दिलं. ती आपल्या ताटातलं कधी कोणाला देत नाही.

"पुन्हा जाऊ," ती म्हणाली. "या महिन्याअखेरीला पाणी सगळ्यात उबदार असतं. आणि थर्मामीटर तू बघायचंस. तू नको म्हणालास तर नको."

"प्रश्न नवे काढतो मग."

"प्रश्न नकोत."

"म्हणजे?"

"मी सांगेन."

मला हे अजिबात पटलेलं नाही. पद्धत एकदा उपयोगी पडली, जीव वाचला, आणि आता तीच मोडायची? मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ताई म्हणतात तसं करा." ती ताईच्या बाजूने कधीपासून झाली?

१९ ऑगस्ट

मी प्रश्न काढून ठेवले आहेत. सांगितलेलं नाही.

२६ ऑगस्ट

पाणी उबदार, वारा नाही, आकाश स्वच्छ. थर्मामीटर मी दोनदा सोडलं. ताई टोपी घालून वाट बघत उभी राहिली, एकदाही मध्ये बोलली नाही. मी म्हटलं, चालेल. मग ती उतरली.

आज तिचे हात सुंदर पडत होते. मला त्यातलं आता थोडं कळतं. मागच्या वेळी थांबलो ती जागा आली आणि गेली. झाडांची रांग मोठी झाली, मग वेगवेगळी झाडं दिसायला लागली, मग झाडाखाली एक बाक. माझे प्रश्न जिभेवर होते. विचारले नाहीत. पण तिची बोटं बघत होतो.

मग ती थांबली. फुगा ओढून घेतला, मान वर केली.

"बाळ्या, बस."

मला वाटलं, बसूनच रहा, हलू नकोस, असं काही म्हणतेय. "काय?"

"बस झालं मला. पोटरीत गोळा आलाय. आणि दमलेय. हात दे."

मी वल्ही हातात धरून तसाच. काठ तिथे होता. बाकाच्या फळ्या मोजता आल्या असत्या.

"ताई, थोडं पाठीवर तरंग. पाय ताणून धर. गोळा जाईल. अगं, आलंच आहे!"

"माहीत आहे."

"फळीवर नाव लागेल!"

"बाळ्या," ती म्हणाली, "मी सांगतेय ना."

तिचा आवाज अगदी साधा होता. मीठ दे म्हणावं तसा. मी वल्ही आत घेतली, मागे गेलो, हात दिला. वर येताना ती कण्हली, मग होडीत बसून हसायला लागली. मी टॉवेल दिला, सुके कपडे दिले, टोपी दिली, चहा ओतला. आज तिने एकही सूचना केली नाही.

"मागे वळवू?" मी विचारलं.

"मागे कशाला? एवढं आलोय तर तिकडेच ने."

म्हणून मी तिला वल्हवत पलीकडे नेलं. होडीचं नाक वाळूत घुसलं. ती लंगडत उतरली. तिकडे बाक होता, कचऱ्याचा डबा होता, एक म्हातारा कुत्र्यासाठी काठी फेकत होता आणि कुत्रा काठीकडे बघत बसून होता. ताईने सगळं नीट बघून घेतलं. म्हाताऱ्याने विचारलं, "पोहत आलात?"

"थोडं पोहत," ताई म्हणाली. "थोडं भावाने आणलं."

बाकावर बसून आम्ही खाल्लं. ती पोटरी दाबत होती. अचानक म्हणाली, "चल, आता तू."

"मी काय?"

"पाण्यात. सगळा उन्हाळा त्याच्यावर बसून काढलास. जॅकेट राहू दे अंगात."

मी नाही म्हणून बघितलं. मग पँट काढून चड्डीवर उतरलो. म्हातारा आणि कुत्रा दोघेही आता माझ्याकडे बघत होते. ताई पायजमा दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि माझं मनगट धरलं. "आधी घोटे. थांब. आता हात बुडव. तोंडावर मार. उच्छ्वास सोड, धरून ठेवू नकोस. आता पुढे." मी पुढे गेलो. पाणी मांडीपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. पायाखाली दगड गुळगुळीत होते.

"बस," मी म्हटलं. "बस, ताई. आता नको."

तिला हसू आवरेना. ती माझं मनगट सोडायला तयार नव्हती, हसता हसता दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती.

"तुला कसं रे येतं हे?" ती म्हणाली. "असं पटकन?"

मी म्हटलं, पाणी गार आहे म्हणून म्हटलं. यात येण्यासारखं काय आहे?